काठावरची पाहुणी

आमच्या घरात देवापुढे चिठ्ठ्या टाकायला बंदी होती. बाबा शाळामास्तर. अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे कपडे, आणि माणसानं आपले निर्णय आपल्या डोक्यानं घ्यावेत, ते देवाच्या गळ्यात बांधू नयेत, असं त्यांचं ठाम मत. मत चांगलंच होतं. अडचण एवढीच होती की बाबांना स्वतःच्या डोक्यानं काही ठरवताच येत नसे. आईला लुगडं हिरवं घ्यावं की जांभळं, इथपासून ते भाकड गाय ठेवावी की गावी पाठवावी, इथपर्यंत कुठलाही प्रश्न आला की ते दोन्ही बाजू इतक्या न्यायानं मांडत, की ऐकणाऱ्याला जांभया येत आणि गाय तिथेच उभी राही. शेवटी एकदा आईच वैतागून म्हणाली म्हणे, की खेळा एक डाव कॅरमचा आणि जिंकेल त्याचं खरं करा. ती थट्टेत म्हणाली, पण बाबांना ते फार पटलं. त्यात दैव नव्हतं, कौशल्य होतं. तेव्हापासून 'बोर्डावर ठरवू' हा आमच्या घरचा कायदा झाला. चिठ्ठ्या गेल्या आणि त्यांच्या जागी कॅरम येऊन बसला, यात बाबांना कधीच काही वावगं दिसलं नाही, आणि आम्हा पोरांना तर तो कायदा शाळेच्या सगळ्या कायद्यांपेक्षा आवडायचा.

तेव्हा आम्ही पिपरीला राहत होतो. आज तिथे बंगल्यांच्या रांगा आहेत, रिक्षावाल्याला नुसतं पिपरी मेघे सांगून भागत नाही, गल्ली सांगावी लागते. तेव्हा आमच्या अंगणाच्या फाटकातून निघालं की एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कपाशी, आणि थेट वर्ध्याच्या स्टेशनचा सिग्नल दिसायचा. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की आई औषध घ्यायची, दुपारी झाला की आमच्याकडेच राहणारी वेणूआत्या चूल सारवायची. घरात दिवसभर तीन आवाज असत. बाबांच्या चरख्याची घरघर, आईचा खोकला, आणि ओसरीवरच्या बोर्डाचा टकटकाट. त्यातला पहिला आणि तिसरा आवाज आजही कानात आहे. आईचा खोकला मात्र आता माझाच झाला आहे, त्यामुळे तो वेगळा आठवावा लागत नाही.

बोर्ड बोरगावच्या एका सुतारानं केलेला. हा माणूस बैलबंड्या करण्यात पटाईत, पण कॅरम त्यानं जन्मात पाहिला नव्हता. बाबांनी कागदावर काढून दिलेल्या आकृतीप्रमाणे त्यानं सगळं चोख केलं, फक्त चारही भोकांची कड किंचित उंच ठेवली. लाकूड झिजू नये म्हणून केलं, असं तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. बंडीच्या चाकाला ते शोभलं असतं. आमच्या बोर्डावर त्याचा परिणाम असा झाला, की सोंगटी भोकापर्यंत जायची, त्या उंचवट्यावर थबकायची, आणि अर्धी आत अर्धी बाहेर अशी लटकत राहायची. दुसऱ्यांच्या घरी क्वचित होणारी गोष्ट आमच्याकडे दर डावात चार-पाच वेळा व्हायची. भोकांखालच्या जाळ्या बाबांनी हातसुताच्या विणल्या होत्या, आणि बोर्डावर टाकायला विकतची पावडर नव्हती, शंखजिऱ्याची पूड आत्या फडक्यातून गाळून ठेवायची. डाव झाला की आमचे सगळ्यांचे तळहात पांढरे असत.

काठावर लटकणारी सोंगटी दिसायला सोपी असते. नवखा माणूस खूश होतो, स्ट्रायकर सरळ रेषेत आणतो आणि टोला हाणतो. सोंगटी पडते, पण स्ट्रायकर जड असतो, तो थांबत नाही, तोही तिच्यामागोमाग भोकात जातो. मग पडलेली सोंगटी परत बोर्डावर, दंडाची आणखी एक परत, आणि आमच्या घरच्या नियमाप्रमाणे हातची पाळीही गेली. माझा मोठा भाऊ मधू, ज्याला मी नुसतं भाऊ म्हणायची, तो असाच खेळायचा. अंगात रग होती. बाबा हिशोबानं खेळायचे. पण या काठावरच्या सोंगटीची खरी विद्या सगळ्या घरात एकट्या वेणूआत्याकडे होती.

वेणूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन हिंगणीला गेली, सोळाव्या वर्षी नवरा तापानं गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी बैलबंडी जुंपून तिला आणि तिच्या पेटीला आमच्या अंगणात आणून सोडलं. मी तेव्हा पाळण्यात होते. आईला दमा, थंडीचे चार महिने ती अंथरुणातच काढायची, त्यामुळे मला न्हाऊ घातलं ते आत्यानं, वेणी घातली ती आत्यानं, आणि मी कुशीत झोपायची तीही तिच्याच. तिच्या अंगाला अंबाडीच्या भाजीचा, चुलीच्या धुराचा आणि शंखजिऱ्याचा असा मिळून एक वास होता. पुढे आयुष्यात बऱ्यापैकी अत्तरं हाताळली, तसा वास कुठे मिळाला नाही. रविवारी ती गोळाभात करायची. भातावर डाळीचे गोळे कुस्करून वर लसणाची कडकडीत फोडणी ओतली, की फोडणीचा चर्र आवाज ओसरीपर्यंत यायचा आणि बाबा चरखा थांबवायचे. जेवणं झाली, भांडी घासली, की आत्या हात पदराला पुसत बोर्डापाशी येऊन बसायची. लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नसे, फक्त बोटं दिसायची. ती बोटं मी आजही ओळखीन.

काठावरच्या सोंगटीला ती 'पाहुणी' म्हणायची. मी एकदा असाच सरळ टोला मारून दंड ओढवून घेतला, तेव्हा तिनं माझं बोट धरून शिकवलं होतं. "पाहुणी दारात उभी आहे, सुमे. एक पाय बाहेरच आहे तिचा. तिले धक्का काऊन मारून राह्यली? नुसता पदर लागला तरी जाते." मग तिनं स्ट्रायकर रेषेवर जरा बाजूला सरकवला आणि सोंगटीच्या अंगाला चाटून जाईल असा हलका सोडला. सोंगटी टुपकन आत गेली. स्ट्रायकर कडेच्या लाकडाला लागला, वळला, आणि शहाण्यासारखा बोर्डाच्या मध्यावर येऊन थांबला. "पाहुणीले पोचवाले फाटकापर्यंत जावं," ती म्हणाली, "तिच्या गावापर्यंत नाई." मी तो टोला एक अख्खा पावसाळा घोटला. शेवटी शेवटी डोळे मिटून जमायचा. परवा नातवाच्या मोबाइलवर कॅरम पाहिला. त्यात सोंगटी कुठे जाणार याची रेषच काढून दाखवतात. मी त्याला म्हटलं, बाळा, हे म्हणजे पाहुणीला पत्ता लिहून दिल्यासारखं झालं. त्याला अर्थातच काही कळलं नाही.

मी बारा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. आत्या सातवी पास होती, आणि बाबांच्या कपाटातली सगळी पुस्तकं तिनं चुलीपुढे बसून वाचून संपवली होती. बाबांच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला सांगितलं की नागपूरला मास्तरणींच्या ट्रेनिंगला सातवी पास बायकांना घेतात, राहायची सोय होते, फक्त वयाची अट आहे आणि तुमचं हे शेवटचंच वर्ष. आत्यानं कुणाला न सांगता अर्ज केला. उत्तर बाबांच्या शाळेच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे ते बाबांनीच फोडलं. तिला घेतलं होतं.

बाबांची जी अवस्था झाली ती मला अजून दिसते. बायकांनी शिकावं यावर ते गावोगाव बोलत. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण आईचं काय, चुलीचं काय, आणि हिंगणीचे लोक काय म्हणतील, की विधवा सून नागपुरात मोकळी सोडली, याला उत्तर नव्हतं. आठ दिवस ते दोन्ही बाजू मांडत राहिले. आत्या भाकऱ्या थापत ऐकत राहिली. आई फक्त एकदा म्हणाली की माझं मी पाहून घेईन, आणि तेवढं बोलायलाही तिला दम लागला. शनिवारी ताटावरून उठता उठता आत्याच म्हणाली, "दादा, बोर्डावर ठरवा. मले चालते."

मला हे सांगताना आजही लाज वाटते, की त्या आठ दिवसांत मला एकच गोष्ट कळत होती. आत्या गेली तर माझी वेणी कोण घालणार. बारा वर्षांच्या पोरीच्या मनात याहून मोठा विचार आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. मी तिच्या पेटीवर जाऊन बसायची, जणू माझ्या वजनानं ती पेटी घरातून हलणार नव्हती.

रविवारचा डाव. एका बाजूला बाबा आणि भाऊ, दुसऱ्या बाजूला आत्या आणि मी. आमच्या जोड्या नेहमीच्याच, तशा बसायच्या जागाही नेहमीच्या. आम्ही जिंकलो तर आत्या नागपूरला, बाबा जिंकले तर पत्र परत. आई अंथरुणातून उठून दाराच्या चौकटीला टेकून बसली होती, मांडीवर तांदळाचं सूप. ती खडे वेचत नव्हती, नुसती बोटं फिरवत होती. आत्या त्या दिवशी जशी खेळली तशी मी तिला आधी किंवा नंतर कधी खेळताना पाहिलं नाही. राणी तिनं घेतली, तिच्यावरची सोंगटीही लगेच घेतली. भाऊचा एक जोराचा टोला आमचीच सोंगटी मोकळी करून गेला, तेव्हा तो स्वतःवरच चिडला. बोर्डावर सोंगट्या कमी होत गेल्या. शेवटी बाबांच्या दोन पांढऱ्या राहिल्या आणि आमची एक काळी. ती काळी माझ्या समोरच्या उजव्या भोकाच्या कडेवर लटकत होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि पाळी माझी होती.

 भाऊनं हातातली पूड झटकायला सुरुवात केली, त्याच्या लेखी डाव संपला होता. मी समोर पाहिलं. आत्याचा पदर मागे सरला होता आणि मला तिचा चेहरा दिसला. ती सोंगटीकडे पाहत नव्हती. ती फाटकाबाहेर, तुरीच्या पलीकडे, सिग्नलकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं जे मी आमच्या घरात कधीच पाहिलं नव्हतं. तिथे आम्ही कुणी नव्हतो. मीही नव्हते. मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू. मी स्ट्रायकर ठेवला, बाजूला नाही, सरळ रेषेत ठेवला, आणि टोला मारला.

सोंगटी पडली. तिच्यामागोमाग स्ट्रायकर पडला. जाळीत दोघांचा एकावर एक आवाज झाला.

भाऊ म्हणाला की असं होतंच, घाई केली पोरीनं. आत्यानं जाळीत हात घातला, काळी बाहेर काढली, दंडाची दुसरी काळी काढली, आणि दोन्ही बोर्डाच्या मध्यावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या. पदर पुन्हा पुढे ओढला. "खेळा, दादा," ती म्हणाली. बाबांच्या दोन पांढऱ्या सोप्या होत्या. त्यांनी स्ट्रायकर दोनदा रेषेवर ठेवून दोनदा उचलला हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला फार वर्षांनी आईनं सांगितला. त्यांना हरायचं होतं. बोर्डानं तिला पाठवायचं ठरवलं असतं तर ते हिंगणीवाल्यांना, शेजाऱ्यांना, स्वतःलाही सांगू शकले असते की माझा इलाज नव्हता. पण खोटा टोला मारणं या माणसाच्या हातून होणारच नव्हतं. त्यांनी दोन्ही सोंगट्या प्रामाणिकपणे घेतल्या आणि डाव जिंकला. घरात त्या दिवशी लबाडी करू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते बारा वर्षांचं होतं. बोर्डाचा निर्णय मोडायचं बाबांना सुचलं नाही. ज्यानं देवाचा कौल मानला नाही, त्यानं सुताराच्या फळीचा मानला. आत्या उठली, चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं फुंकणीचा आवाज आला.

त्यानंतर बोर्डावर काही ठरवलं गेलं नाही. कुणी तसं म्हणालं नाही, आपोआपच बंद झालं. वयाची अट उलटून गेली. आत्या माझी वेणी रोज घालत राहिली, जरा घट्ट घालायची असं मला वाटायचं. बोलणं तसंच होतं, गोळाभात तसाच होता, पण बोर्डापाशी मात्र ती येईनाशी झाली. मी हाक मारली की म्हणायची, "तू खेळ, मले कामं हायेत." मला ती हवी होती आणि ती मला मिळाली होती, आणि तरीही रोज दुपारी भांडी घासल्याचा आवाज थांबला की माझे कान तिच्या पावलांकडे लागायचे. पावलं माजघरातच थांबायची. ज्या माणसाला आपण अडवून ठेवलं, त्याचीच वाट पाहत बसणं म्हणजे काय, हे मी त्या ओसरीवर शिकले.

पुढे मॅट्रिक झाले आणि नागपूरला ट्रेनिंगला जायचं ठरलं. त्याच ठिकाणी. या वेळी बाबांनी दोन बाजू मांडल्या नाहीत, एकाच वाक्यात हो म्हणाले. सगळे म्हणतात तशी मी आनंदात होते, आणि कुणालाही न दिसेल अशी रडकुंडीला आलेली होते. निघायच्या सकाळी आत्यानं मला पाटावर बसवलं आणि शेवटची वेणी घालायला घेतली. आधी फणीनं सगळा गुंता सोडवला. मग ती मागून म्हणाली, "त्या दिवशी तू सरळ मारलं, सुमे."

मी मान हलवली नाही. हलवता आली नसती, केस तिच्या मुठीत होते.

"बाजूनं येत होतं तुले. मीच शिकवलं होतं."

पाच वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते आणि त्याला भीतही होते. मी विचारलं, "मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? हिंगणीवाल्यांनी तं बंडी जुंपाले एक दिवस उशीर नाई केला. मले ठेवून घ्याले कोणी लबाडी केली, असं पहिल्यांदाच झालं होतं." तिनं एक पेड ओढून घेतला. "राग आला होता पण. लय दिवस होता. कधी कधी अजूनही येते."

मग माझ्या रिबिनीची गाठ मारता मारता, जसं काही उडीद संपले आहेत असं सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं, की बाबांनी पहाटे तिला विचारलं होतं, तुझी पाठ दुखते, वहिनीचं हे असं, सुमी गेल्यावर एकटीला झेपेल ना. "मी नुसती कंबर धरून 'हाय' केलं असतं, तरी तुह्यी पेटी आत गेली असती," ती म्हणाली. "नाई केलं." आणि माझ्या पाठीवर थाप मारून उठ म्हणाली, गाडी निघून जाईल.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी आर्वीला शाळेत होते. तार मिळाली, पोचले, तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. बोर्ड माझ्याकडे आहे, माळ्यावर, एका जाळीचं सूत उसवलेलं. मुलं म्हणतात काढून टाकू. मी दोन्ही बाजू मांडत राहते. बापाची लेक आहे, दुसरं काय. पण बोर्ड खाली काढला, भोकाच्या त्या उंच कडेवर बोट फिरवलं, की मला माझी सगळी वर्षं नको होतात. ओसरीवरची ती एक दुपार परत हवी होते, पाळी माझी, काळी काठावर, आणि समोर पदर मागे सरलेला तिचा चेहरा. मी स्ट्रायकर जरा बाजूला ठेवला असता. ठेवला असता असं मला वाटतं. खात्री या वयातही देता येत नाही.

मी नागपूरला निघाले त्या सकाळी स्टेशनवर मला पोचवायला तिघं आली होती. बाबांनी पेटी चढवली, भाऊनं पाण्याचा तांब्या दिला, आणि गाडी हलली तसे दोघंही खिडकीबरोबर चालू लागले, मग भरभर, मग प्लॅटफॉर्म संपेपर्यंत जवळजवळ धावत. आत्या आत आलीच नव्हती. ती स्टेशनच्या फाटकात उभी होती, पदर डोक्यावर, एक हात लोखंडी दांडीवर. मी खिडकीतून अर्धी बाहेर झुकून तिला हातानं बोलावत होते, निदान गाडीजवळ तरी ये म्हणून, आणि ती माझ्याकडे पाहत होती, चांगली डोळे भरून पाहत होती, पण फाटकाच्या आत तिनं एक पाऊल टाकलं नाही.